अंगावरून

"अहो, पांढरं! दुसरं काय जाणार बाईच्या अंगावरून?" असं म्हणून जयवंती हसली, आणि राजसबाईंच्या हातातली शेवग्याची शेंग कडकन मोडली. मंगळवारची सकाळ होती, आठ वाजून गेले होते. वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत पंपाशी बसून जयवंती आपल्या सुती पातळांना भाताची पेज लावत होती आणि टोपलीवालीकडून राजसबाई शेंगा घेत होत्या. जयवंती साताऱ्याकडची, रेल्वेतल्या गार्डाची बायको. दोन वर्षांपूर्वी मद्रासला आलेली आणि तेव्हापासून मराठी ऐकणारं कुणी भेटलं की न थांबणारी. विषय तिनं सहज काढला होता. पलीकडच्या गल्लीतल्या सुनीतीला आज दुपारी पुन्हा तांबरमकडच्या पूसारीकडे, भूत उतरवणाऱ्याकडे, नेणार, आणि आज म्हणे तिला डाग देणार. "माझ्या थोरल्या बहिणीच्याही अंगावरून जायचं हो. ही पेज बघा, अश्शी. पण तिला दवाखान्यात नेली. हिला भुताखेताकडं कशाला नेतात, कोण जाणे." यावर राजसबाईंनी विचारलं होतं, "पेज? पेज कोठून गे?" आणि मग ते हसणं आणि तो एक शब्द. टोपलीवाली म्हणाली, "टीचरम्मा, मोडलेली शेंग मी परत घेणार नाही हं." राजसबाईंनी मोडलेली शेंग मुठीत धरली आणि त्या घरात आल्या.

ओट्याशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पांढरं. अंगावरून म्हणजे अंगाच्या वरून नव्हे. त्यांच्या तंजावरच्या घरात अंग म्हणजे अंग होतं, आखं शरीर. अंग दुखायचं, अंगाला तेल लावायचं, अंगावर पातळ घ्यायचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आले तेव्हा सोबत आणलेली मराठी त्यांनी पितळी डब्यात ठेवावी तशी ठेवली होती, आणि राजसबाईंना तिचा गर्व होता. महाराष्ट्रातून नोकरीसाठी येणारी ही नवी माणसं भराभर बोलत, अर्धे शब्द गिळत. त्यांचं एखादं बोलणं कळलं नाही तर राजसबाई मनात म्हणत, आमची जुनी, तुमची पातळ झालेली. विचारत मात्र नसत. एकतीस वर्षं कॉर्पोरेशनच्या शाळेत त्यांनी लहान मुलींना शिकवलं होतं. अजूनही संध्याकाळी ओसरीवर सहा-सात पोरी पाट्या घेऊन बसायच्या. कळलं नाही तर हात वर कर, दहा वेळा कर, मी दहा वेळा सांगेन, असं त्या प्रत्येकीला सांगत. आणि चार महिन्यांपूर्वी स्टेशनाजवळच्या त्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या टेबलासमोर, त्यांनी स्वतः हात वर केला नव्हता.

तेव्हाचं सगळं आता ओट्याच्या काळ्या दगडावर दिसू लागलं. सुनीती चोवीस वर्षांची, मान खाली. तिला तमिळ येत नव्हतं, दूध आणि पाणी मागण्यापुरतं सोडून. तिचा नवरा रत्नाकर एका सरकारी गोदामात कारकून, त्याचं कचेरीत इंग्रजीवर भागायचं. पण बायकांचं बायकांनीच सांगावं असं म्हणून त्यानं राजसबाईंना बरोबर घेतलं होतं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा होता. वाटेत सुनीती एवढंच कुजबुजली होती, "मावशी, त्यांना सांगा, अंगावरून जातं." राजसबाईंनी ते एकेक शब्द उचलून तमिळमध्ये नेऊन ठेवलं. उडंबु मेले एन्नमो पोगुदाम. हिच्या शरीरावरून काहीतरी जातं, म्हणते. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, मुंग्या चालल्यासारखं? राजसबाईंनी सुनीतीला पुसलं, "मुंगळे चालल्यागत कां गे?" सुनीतीनं भिंतीकडे, नवऱ्याकडे, पाहिलं आणि म्हणाली, "हं." खाजेला ती दुसरं काय म्हणणार होती? डॉक्टर म्हणाले नसा कमजोर झाल्यात. तपासलं नाही, हात लावला नाही. डोस दाखवणाऱ्या कातरलेल्या कागदी पट्टीची एक तपकिरी बाटली दिली. त्या औषधानं सुनीती झोपू लागली. चुलीपाशी, बसल्या जागी, दार उघडं टाकून. भात करपला, दूध उतू गेलं, आणि रत्नाकरचा आवाज पलीकडच्या गल्लीतून इकडे ऐकू येऊ लागला. मग घरमालकिणीच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, या पोरीला झालंय तरी काय? राजसबाईंनीच सांगितलं, याच तोंडानं. उडंबु मेले एन्नमो पोगुदाम. म्हातारीनं गालावर बोट ठेवलं. शरीरावरून काहीतरी जातं! जाणारं ते काय असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

राजसबाईंना वाटलं ती तपकिरी बाटली आत्ता हातात असती तर आपण ती फोडली असती, आणि काच फुटल्यावर तुकडेही फोडले असते. असं त्यांना कधी वाटत नसे. शाळेत इतर बायका छडी ठेवत. त्यांनी कधी ठेवली नव्हती. पण पांढरं हा शब्द कानात शिरल्यापासून गल्लीतला प्रत्येक आवाज मारल्याचा आवाज झाला होता. शेजारी कुणीतरी जात्याला टाकी लावत होतं, ठक्, ठक्; धोबी दगडावर कपडे आपटत होता; पिळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापुढे कुणी नारळ फोडला, तो कवटी फुटावी तसा फुटला. पहिल्या मंगळवारी त्या स्वतः तांबरमला गेल्या होत्या. दुभाषी म्हणून. गाडीतून उतरून मैलभर चालल्यावर विटांच्या भट्टीमागे गावदेवीचं ठाणं होतं आणि तिथं तो पूसारी, अंगभर भस्म, हातात कडुनिंबाचा ओला फोक. त्यानं सुनीतीचे केस मुठीत धरले आणि ओरडला, "यारु नी? पेर सोल्लु!" सुनीतीनं राजसबाईंकडे पाहिलं. राजसबाईंनी सांगितलं, "तू कोण, म्हणून पुसतो. नांव सांग म्हणतो." सुनीती म्हणाली, "सुनीती." फोक बसला. हे उत्तर त्याला नको होतं. त्याला आत बसलेल्याचं नाव हवं होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा राजसबाईंनी सांगितलं, पुन्हा ती म्हणाली सुनीती, आणि पुन्हा बसला. नऊ वेळा. नवव्या वेळी ती म्हणाली, "मावशी, कुठलं नाव सांगू? ते तरी सांगा." राजसबाईंनी तेही तमिळमध्ये सांगितलं, कारण बोललेलं सगळं सांगायचं असतं, आणि पूसारी खूश झाला, म्हणाला आता बोलू लागलाय. रत्नाकर बाजूला उभा राहून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग उत्सुकता. शेवटी त्याचा चेहरा एखादी गोष्ट नीट समजलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला. तो चेहरा राजसबाई ओळखत होत्या. एकतीस वर्षं त्याचीच त्यांनी वाट पाहिली होती. बायकोला चारचौघांत मारता येतं, आणि त्याला उपचार म्हणतात, एवढं त्याला कळलं होतं. पुढच्या दोन मंगळवारी राजसबाई गेल्या नाहीत. गुडघा दुखतो असं सांगितलं.

गुडघा. पोटानंतर गुडघा. शाळेत शरीराचे भाग शिकवताना भिंतीवर एक तक्ता असायचा. त्यावरच्या गुलाबी माणसाला चित्रकारानं लंगोट नेसवला होता. पोरी कोरसात म्हणायच्या, मान, छाती, पोट, गुडघा, पाऊल. राजसबाईंची पट्टी पोटावरून गुडघ्यावर उडी मारायची. मधल्या जागेला त्यांच्याकडे शब्द नव्हता. मराठीत नव्हता, तमिळमध्ये होता तो शिवी होता. सत्तावीस वर्षांच्या असताना त्यांना मेलेलं मूल झालं. सुइणीनं ते ओढून काढलं होतं. त्यानंतर अकरा वर्षं जमिनीवर बसताना तिथं सुरी लागल्यासारखं व्हायचं, आणि त्या शाळेत जमिनीवरच बसायच्या, पोरींसमोर, हसऱ्या तोंडानं. सासूला सांगितलं, पोट दुखतं. नवऱ्याला सांगितलं, पोट दुखतं. नवरा, सेतुमाधव, भला माणूस होता, पोटासाठी ओव्याचा अर्क आणायचा, आणि न चुकता विचारायचा, "आज पोट कसं आहे गे?" सुईण पुन्हा आली, तिनं तापलेल्या वाळूची पुरचुंडी केली आणि ठेवली, आणि कातडं सोललं गेलं. ओरडणं बाहेर पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून चार बायका गात होत्या. अकराव्या वर्षी दुखणं आपोआप गेलं, की त्यांनी तिथं जाणवून घ्यायचं बंद केलं, हे त्यांना आजतागायत माहीत नव्हतं. सेतुमाधव गेले तेही, ती गोष्ट पोटाची होती असं समजून.

त्यांनी पातळाचा पदर खोचला. डाग दुपारी देणार होते. तमिळमध्ये त्याला सूडु म्हणतात. सूडु म्हणजे ऊबही, चटकाही आणि डागही. बाईला खाली जळजळतं, त्यालाही इथं सूडुच म्हणतात. मराठी कानाला मात्र तो सूड ऐकू येतो. लोखंडाची सळी निखाऱ्यात तापवून पोटऱ्यांवर लावायची, की जे आत आहे ते पळून जातं. ते आत राजसबाईंनीच घातलं होतं, एका विभक्तीच्या चुकीनं. दोन गल्ल्या त्या इतक्या वेगानं चालल्या की कोपऱ्यावरची फुलवाली म्हणाली, "टीचरम्मा, गुडघा बरा झाला वाटतं!"

सुनीती दाराशी तांदूळ निवडत होती. निवडत नव्हती, हात सुपात होता आणि डोळे उघडे होते. राजसबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "पोरी, मज चुकलं गे," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस ते मज कळलंच नाही. पांढरं जातं कां तुज? खालून?" सुनीतीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. "मग तुम्ही त्या डॉक्टरांना काय सांगितलंत?" राजसबाईंनी सांगितलं. सुनीतीनं ते ऐकलं, आणि मग ती हसू लागली. घशातून खरवडून निघाल्यासारखं हसणं. "म्हणजे मी चार महिने भूत आहे ते तुमच्या व्याकरणानं होय, मावशी?" तिनं सूप भिंतीवर फेकलं. तांदूळ राजसबाईंच्या केसांत, मांडीवर, सगळीकडे पडले. "मार मज," राजसबाई म्हणाल्या. हे त्या कुणालाच कधी म्हणाल्या नव्हत्या. सुनीती म्हणाली, "मारून हात दुखतात हो. मी रोज बघते ना."

तेवढ्यात रत्नाकर आला. गोदामात सकाळीच रजेचा अर्ज देऊन परत आला होता. दारात तांदूळ पाहून त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग राजसबाईंकडे, आणि आवाज मऊ केला. "मावशी, तुम्ही येताय का आज? बरं होईल. त्या माणसाचं बोलणं आम्हाला कळत नाही." एकतीस वर्षांचा, नीट भांग पाडलेला, शर्टाच्या खिशाला पेन. राजसबाई उठून उभ्या राहिल्या. "पूसारीकडे नव्हे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर वसंतांकडे. रुळांपलीकडे राहतात. बाईच आहेत त्या, बायकांच्या डॉक्टर. मजकडून सांगण्यात चूक झाली होती, ती मी आज सुधारणार." "आता कशाला?" तो म्हणाला. "पूसारीला वेळ दिलीय. तीन वेळा गुण आलाय." "कसला गुण?" "आता उलट बोलत नाही." राजसबाई ओसरीच्या कडेला गेल्या. समोर म्हातारी वाती वळत होती, पंपावर चार बायका होत्या, इस्त्रीवाला निखाऱ्यांवर फुंकर मारत होता. "रत्नाकर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बायकोला काय होतं ते मी येथून मोठ्यानं सांगते. आधी तमिळमध्ये, मग तेलुगूत, मग इंग्रजीत. एकतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरींच्या वर्गात बोललेल्या आवाजात. मग विचारतील, बाईला असं कोणापासून होतं? तेही सांगते." त्याच्या मानेची शीर उडताना दिसली. त्यानं चपला पुन्हा पायात सरकवल्या. "चला," तो म्हणाला, आणि सुनीतीचा दंड धरला. तिचे डोळे मिटले.

डॉक्टर वसंतांचा दवाखाना त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत होता. मध्ये हिरवा पडदा. त्याच्या अलीकडे बाक, पलीकडे टेबल, खाट, एक खिडकी, आणि आतल्या बाजूला सूक्ष्मदर्शक ठेवलेली लहानशी खोली. रत्नाकर बाकावर बसला नाही, पडद्याशीच उभा राहिला. खालून त्याच्या चपला दिसत होत्या. डॉक्टर पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, चिडक्या. पेल्यातली कॉफी एका घोटात संपवून म्हणाल्या, "हं, सांगा. सूडु, असंच ना? माझ्याकडे येणारी प्रत्येक जण म्हणते सूडु. मी म्हणते, ताक प्या आणि घरी जा, जर एवढंच असेल तर." राजसबाईंनी या वेळी सगळं सांगितलं. पांढरं जातं. खालून. त्या शब्दांपाशी जीभ टाळूला चिकटली, तरी सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले आणि राजसबाई मध्ये बसून ते इकडून तिकडे नेऊ लागल्या. रंग कसा, दह्यासारखं की पातळ, हिरवट की पिवळं. वास. लघवीला आग होते की नंतर. तहान फार लागते? घरात कुणाला मधुमेह? साबण कुठला? ओलं कापड नेसून किती वेळ? पाळी? गर्भ राहून गेला होता का कधी? आतमध्ये कुणी काही ठेवलं होतं का, झाडपाला, कापूस? "तुम्ही शिक्षिका ना?" डॉक्टर मध्येच म्हणाल्या. "मग तुम्हाला कळेल. पोरगी रडते, एवढ्यावरून तुम्ही सांगू शकाल का ती भुकेली आहे, की तिला कुणी चिमटा काढलाय, की पाटी फुटलीय? हेही तसंच. आग एकच, कारणं दहा. साखर असेल, बुरशी असेल, नवऱ्याकडून आलेलं असेल, नुसता साबण असेल. वय झालेल्या बाईला कोरडेपणानं होतं. बाळंतपणात फाटून वेडंवाकडं जुळलं तर बसताना वर्षानुवर्षं सुरी लागते, आणि ती बया सांगते पोट दुखतं!" राजसबाईंनी हे सुनीतीला सांगितलं नाही. त्या वाक्यापाशी त्या थांबल्या. स्टुलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली. बाहेरून एक आगगाडी बीच स्टेशनाकडे निघून गेली, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. एवढंच होतं. दहांतलं एक. "पुढं?" डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या पुढं गेल्या.

कशानं धुतेस, या प्रश्नाला सुनीतीनं आवाज खाली आणला. मग म्हणाली, "ह्यांनी गोदामातून आणलंय. काळं. पाण्यात घातलं की दुधासारखं होतं." राजसबाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "फिनेल? संडासात टाकतात ते?" "वास येतो म्हणाले. रोज दोनदा धू म्हणाले. ते स्वतः उभे राहतात." डॉक्टर उठल्या. त्यांनी हात धुतले आणि सुनीतीला खाटेवर निजवलं, चादर घातली, दिवा जवळ ओढला. राजसबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर म्हणाल्या, "भिंतीशी बोलू नका. तिचा हात धरा, आणि मी काय करते ते आधी तिला सांगत चला, म्हणजे ती दचकणार नाही." तेव्हा त्यांनी तेही केलं. आता आत बघायला काचेची नळी लावतील. गार लागेल. आता कापसानं थोडं घेतील. सुनीतीची नखं त्यांच्या मनगटात रुतत गेली. डॉक्टर काचपट्टी घेऊन आतल्या खोलीत गेल्या, आणि पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांचा चिडकेपणा गेला होता. गणित सुटलेल्या माणसासारखा त्यांचा आवाज मोकळा होता. "आधी हे सांगा. जंतू आहेत. हलताना दिसले. याला नवीन गोळ्या आल्यात, दहा दिवसांच्या. दोघांनी घ्यायच्या. एकट्या हिनं घेऊन उपयोग नाही. हे झालं पहिलं, आणि हे सगळ्यांत लहान." राजसबाईंनी सांगितलं. "दुसरं, चामडी भाजलीय. ते आजारानं नव्हे, त्या फिनेलनं. नुसतं पाणी वापरायचं, मी मलम देते." राजसबाईंनी सांगितलं. मग डॉक्टरांनी चादर थोडी वर केली. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर पोचणार नाही अशा ठिकाणी, निळे-जांभळे वळ होते, काही जुने पिवळे पडलेले. एकाला चौकोनी कोपरे होते. डॉक्टरांनी लेखणीच्या मागच्या टोकानं, न टेकवता, तिकडे दाखवलं. "हे तिसरं. हे कशानं झालं, विचारा."

राजसबाईंनी पुसलं. पडद्याखालच्या चपला मघापासून हलत होत्या, त्या थांबल्या. सुनीतीनं चपलांकडे पाहिलं. ती मोठ्यानं, पाठ म्हणावं तसं म्हणाली, "पडले. मोरीत पडले." आणि मग, ओठ न हलवता म्हणावं तसं, "मावशी, पडले म्हणून सांगा. पाया पडते." डॉक्टर वाट पाहत होत्या. आयुष्यभर राजसबाईंनी खोटं उत्तर पाटीवर ठेवू दिलं नव्हतं. पण हे कुणाचं उत्तर होतं? खरं सांगितलं तर ती म्हणेल, मावशींनी पुन्हा माझं बोलणं बदललं. चार महिन्यांपूर्वी नकळत, आज जाणूनबुजून. पडली म्हणून सांगितलं, तर ती आज मलम घेऊन घरी जाईल आणि दार आतून लागेल. त्या चौकोनी कोपऱ्यांकडे पाहताना त्यांच्या छातीत काहीतरी असं उसळलं की त्यांना वाटलं आपण आता ओरडू, पडद्यातून हात घालून त्या शर्टाच्या खिशातलं पेन काढू आणि त्या मानेच्या उडत्या शिरेत खुपसू. त्यांनी श्वास घेतला. आणि त्यांना दिसलं की काहीच बदलायची गरज नाही. बोललेलं सगळं सांगायचं असतं. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. मराठीत जसं 'म्हणून', तसं तमिळमध्ये 'न्नु'. एक न्नु लावला की ती पडली. दोन लावले की तिनं काय मागितलं ते सारं आलं. त्या सावकाश, वर्गात नवा धडा सांगावा तशा म्हणाल्या, "विळुंदेन्नु सोल्लुंगोन्नु सोल्रा." पडले म्हणून सांगा, असं म्हणते.

पडद्याबाहेर काही हाललं नाही. तिथं ते नुसते आवाज होते, मद्रासचे. डॉक्टरांची भिंगं वर आली. त्यांनी राजसबाईंकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग खाटेकडे झुकून अगदी हळू, दोनच अक्षरं विचारली, "यारु?" राजसबाई मराठीकडे वळल्या. "कोण, म्हणून..." पण सुनीतीनं त्यांचा हात सोडला होता. ती कोपरावर उठत होती. वर्षभर पंपावर, दुकानात, म्हाताऱ्यांच्या ओसरीवर ती गप्प बसून काय ऐकत होती, ते कुणी तिला विचारलंच नव्हतं. "अवरु," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव न घेता बायका म्हणतात तसं, आदरानं. हे. मग तिला आणखी एक शब्द सापडला, तो सगळ्याच भाषांतला होता, आणि तो तिनं मोठ्यानं उच्चारला. "बेल्टाले." पट्ट्यानं.

पडदा कड्यांसकट खाली आला. रत्नाकर आत आला तेव्हा त्याचा चेहरा रागीट नव्हता, घाईचा होता, गाडी चुकत असल्यासारखा. "चल, ऊठ, झालं तपासून," तो म्हणाला आणि त्यानं सुनीतीच्या केसांना हात घातला, पूसारीनं घातला होता अगदी तसाच. राजसबाईंच्या हाताशी इनॅमलची तबकडी होती, चिमटे आणि कात्र्या ठेवलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून त्याच्या मनगटावर मारली. कात्र्या फरशीवर उडाल्या. हाडावर धातू आपटल्याचा आवाज झाला आणि तो त्यांना आवडला. इतका आवडला की त्यांनी पुन्हा मारली, आणि तिसऱ्यांदा, डॉक्टरांनी त्यांचे खांदे धरून मागे ओढेपर्यंत. "म्हातारे!" रत्नाकर मनगट छातीशी धरून ओरडला. "तुला सोडणार नाही!" डॉक्टर तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, थोडक्यात. राजसबाई धापा टाकत होत्या, तरी त्यांनी ते सांगितलं, कारण त्यात एक बारकावा होता आणि तो सुटायला नको होता. "डॉक्टर म्हणतात, त्याला बाहेर घाला. त्याला म्हणाल्या. त्यांना नव्हे. चालता हो, रे."

मागच्या दारानं डॉक्टरांचा स्वयंपाकी आला, आडदांड, हातात सांडशी. त्याला पाहून रत्नाकर ओसरीपर्यंत मागे सरला, आणि डॉक्टरांनी बाहेरचं दार लावून अडसर घातला. लगेच लाथा सुरू झाल्या. दार जुनं सागवानी होतं, पण प्रत्येक लाथेला बिजागरीतून भुकटी गळत होती. तो उद्धार करत होता, आईचा, बापाचा, कुळाचा. सुनीती खाटेवर बसली होती, चादर गळ्यापर्यंत ओढून. "आता मी घरी कशी जाऊ, मावशी?" ती म्हणाली. "मज घर आहे," राजसबाई म्हणाल्या. "ते येणार तिथंही." "येऊं दे."

डॉक्टरांनी फरशीवरच्या कात्र्या पायानं बाजूला सारल्या, खुर्ची ओढली, नवा कागद घेतला. पोलिसांकडे न्यायचं असेल तर लिहिलेलं लागेल, त्या म्हणाल्या, आणि नसेल न्यायचं तरी लागेल. दारावर आणखी एक लाथ बसली. कधीपासून, त्यांनी विचारलं. राजसबाईंनी पुसलं, "कधीपासून गे?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून," सुनीती म्हणाली. "पहिल्यांदा उलथन्यानं. उलथनं म्हणजे काय म्हणतात इथं?"

राजसबाईंनी सांगितलं. सुनीतीनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि डॉक्टरांकडे तोंड करून पुढचं सांगू लागली.